पाचारण चुकले की काय?

परदेशात मिशनच्या सेवेसाठी गेलेली माणसे पहिल्या वर्षात हा प्रश्न हमखास विचारतात: देवाने बोलावले म्हणून आलो, मग मन का रमत नाही, आपला विश्वासच कमी पडतो आहे का? ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलून समुपदेशक म्हणून आलेला एक अनुभव सांगते.

नगरकडच्या ख्रिस्ती कुटुंबातले एक वैमानिक प्रवासी विमानाची नोकरी सोडून पत्नीसह पापुआ न्यू गिनीतील माउंट हेगनला मिशनच्या विमानसेवेत रुजू झाले. राजधानी पोर्ट मोर्सबीहून या डोंगराळ मुलखात जाणारा रस्ताच नाही, आणि आतल्या कित्येक वस्त्यांना गवताळ धावपट्टीवाचून दुसरा आधार नाही. त्यामुळे औषधे, कॉफीची पोती, अडलेली बाळंतीण, सारे सेसना कॅरॅव्हॅनसारख्या एका इंजिनाच्या विमानातून जाते. व्हिडिओ कॉलवर ते मला या कामाचे महत्त्व पटवून देत राहिले आणि शेवटी म्हणाले, “मॅडम, सकाळी उठावेसेच वाटत नाही.”

झोप आणि भूक ठीक होती. नसती तर उड्डाण थांबवून आधी डॉक्टरांकडे जा, असे मी सांगितले असते. विश्वासाबद्दल मी काही विचारले नाही, तो प्रांत पाळकसाहेबांचा. “कालचा दिवस सांगा,” एवढेच म्हटले.

पहाटे रेडिओवरून हवामान घेणे, मग शेजारी प्रशिक्षक बसवून उड्डाण. कारण डोंगरउतारावरच्या धावपट्टीवर चढाकडे तोंड करून उतरायचे, उताराकडे झेपावायचे, आणि अशी प्रत्येक धावपट्टी स्वतंत्रपणे शिकायची. “भारतात कॅप्टन होतो, इथे पुन्हा शिकाऊ.” पण आवाज बदलला तो पुढच्या गोष्टीला. माणूस आणि सामान दोन्ही काट्यावर तोलावे लागते. एका आजींच्या बिलूममध्ये, म्हणजे दोऱ्यांनी विणलेल्या झोळीत, रताळी होती आणि वजन जास्त भरत होते. त्यांनी सांगताच आजींनी निम्मी रताळी एकेक करून गवतावर काढून ठेवली. “मी मदतीला आलो होतो ना?”

मायदेशीच्या चर्चच्या मंडळीला दर महिन्याला जाणाऱ्या पत्रात ही आजी नव्हती. तिथे फक्त वाचलेले रुग्ण होते. माझ्या मते थकवा कामापेक्षा या पत्रांचाच अधिक होता.

पुढच्या भेटीला पत्नीही बसल्या. दुपारी डोंगरांवर ढग दाटू लागले की त्या खिडकीपासून हलत नसत आणि ते घरी आले की काही विचारीत नसत. त्यांना वाटे, ही रागावली आहे. तळावरच्या रेडिओ कक्षात प्रत्येक विमानाची नोंद असतेच. शेवटचे विमान उतरले की तिथून घरी एक निरोप जावा, असे ठरले. एवढी साधी सोय मागण्याचा संकोच दोघांनाही होता.

त्या महिन्याच्या पत्रात त्यांनी रताळ्यांविषयी लिहिले. मंडळीतल्या एका वृद्ध बाईंचे उत्तर आले, “पुढच्या फेरीला ती आजीकडे पोचवलीत का?” पोचवली होती. मलाही त्यांनी ते तोवर सांगितले नव्हते.