बिनक्लचची टूरिंग बाईक घेऊ का?

प्रश्न: नमस्कार, मी मूळचा सांगलीचा, आता बर्मिंगहॅमला असतो. डाव्या मनगटाचं ऑपरेशन झाल्यापासून ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून दाबून हात भरून येतो. इथे एक 2010 ची होंडा व्हीएफआर1200एफ बघितलीय, डीसीटीवाली, म्हणजे क्लच लिव्हर नसलेली, गियर आपोआप बदलणारी. बायकोला मागे बसवून स्कॉटलंड करायचंय. घ्यावी का, की मित्र म्हणतात तशी ही नुसती महागडी स्कूटर आहे? आणि बायकोला लायसन काढायचंय, ती हीच टेस्टला नेऊ शकेल का?

उत्तर: तुमच्या मित्रांनी ती चालवलेली नाही एवढं नक्की. स्कूटरमध्ये बेल्ट असतो, इथे सहा खरेखुरे गियर आहेत आणि क्लच दोन, एक 1-3-5 चा आणि दुसरा 2-4-6 चा, म्हणजे तिसऱ्यात चालताय तोवर चौथा तयारच असतो आणि एक क्लच सुटता सुटता दुसरा पकडतो, मागे बसलेल्या माणसाचं हेल्मेट तुमच्या हेल्मेटवर टक्कन आपटत नाही. वहिनी खूश होतील. मोटरसायकलवर डीसीटी पहिल्यांदा आलं तेच या गाडीवर.

डी मोड, म्हणजे साधा ऑटोमॅटिक, जरा आळशी आहे, घाईघाईने वरचा गियर टाकून मोकळा होतो, घाटात एस, म्हणजे स्पोर्ट मोड, लावा किंवा डाव्या हाताच्या बटणांनी स्वतः गियर बदला, बोटाने वर, अंगठ्याने खाली. मनगटाला काहीच काम नाही.

आता खरी गोम. यू-टर्न घेताना आपण सगळे अर्धा क्लच धरून गाडी सांभाळतो ना, ते इथे नाही, पहिले काही दिवस डावी मूठ उगाच हवेत आवळली जाते. त्याऐवजी मागचा ब्रेक हलका दाबून ठेवायचा आणि थोडा थ्रॉटल द्यायचा. गाडी 277 किलोची आहे, मॅन्युअलपेक्षा दहा जास्त, त्यामुळे हे बायकोला मागे बसवून शिकू नका, रविवारी सकाळी रिकाम्या कार पार्कमध्ये एकटे जाऊन आठचे आकडे काढा. आणि पेट्रोल पंपावर थांबलात की आधी एन, म्हणजे न्यूट्रल, करा, डी मध्ये असताना चुकून मूठ पिळली गेली तर गाडी सरळ पुढच्याच्या डिकीत.

इंजिन बंद केलं की गियरमध्ये राहत नाही, म्हणून उतारावर पार्किंग ब्रेक लावायलाच लागतो. घेताना तो ओढून बघा. बॅटरी बसली तर धक्का स्टार्ट नाही, जम्प केबल बरोबर ठेवा. टाकी 18.5 लिटरची, एवढ्या तहानलेल्या व्ही-फोरला, म्हणजे चार सिलिंडरच्या इंजिनाला कमीच, स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँड्समध्ये पंप दिसला की भरून घ्या.

मला विचाराल तर घ्या, पण आधी ट्राय मारून.

वहिनींचं मात्र वेगळं. तिकडे ऑटोमॅटिकवर टेस्ट दिली की लायसनही फक्त ऑटोमॅटिकचंच मिळतं, आणि क्लच लिव्हर नसलेली गाडी त्यातच धरतात. तुम्ही मॅन्युअलवर पास झाला असाल तर तुम्हाला फरक पडत नाही. त्यांचं मनगट ठणठणीत आहे ना, मग त्यांना ट्रेनिंग स्कूलच्या साध्या क्लचवाल्या गाडीवरच शिकू द्या.