बल्गेरियाचा राजा बोरिस आणि राजा मिखाईल एकच का? आणि बाप्तिस्म्याचं साल 864, 865 की 866?

एकच. बोरिस 852 मध्ये गादीवर आला आणि बाप्तिस्मा घेताना मिखाईल झाला. हे नाव त्याच्या धर्मपित्याचं, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या बायझंटाइन सम्राट तिसऱ्या मिखाईलचं. सम्राटाचा धर्मपुत्र होणं ही बायझंटाइनांशी झालेल्या तहाचीच एक अट समजा. राजाच्या शिशाच्या मुद्रांवर ग्रीकमध्ये ‘बल्गेरियाचा आर्कोन (म्हणजे शासक) मिखाईल’ असं आहे. तेव्हा मुद्रांच्या सूचीत ‘बोरिस’ शोधत बसू नका.

सालाचा घोळ पंचांगाचा. अल्बानियातल्या बाल्श इथल्या शिलालेखात ‘बोरिस, ज्याचं नाव बदलून मिखाईल झालं’ त्याने देवाने दिलेल्या प्रजेसह बाप्तिस्मा घेतला, असं आहे. साल ग्रीक अक्षरांत: स्टिग्मा 6000, टाऊ 300, ओमिक्रॉन 70, डेल्टा 4. एकूण 6374, तेही सृष्टीच्या उत्पत्तीपासून मोजलेलं. हे वर्ष 1 सप्टेंबरला सुरू होतं. म्हणून सप्टेंबर ते डिसेंबरसाठी 5509 वजा करायचे, जानेवारी ते ऑगस्टसाठी 5508. उत्तर येतं सप्टेंबर 865 ते ऑगस्ट 866. सरसकट 5508 वजा केले की नुसतं 866 उरतं. शकात डोळे झाकून 78 मिळवले की माघात वर्ष चुकतं, तसंच हे.

864 हे साल घटनाक्रमावरून काढलेलं आहे. त्या वर्षी दुष्काळ होता, त्यात बायझंटाइन सैन्य आणि आरमार चालून आलं आणि बोरिसला तह करावा लागला. मला दगडावरचं साल जास्त वजनदार वाटतं, पण 864 लिहिणारे इतिहासकारही पुष्कळ आहेत.

पुढे नव्या धर्माविरुद्ध सरदारांनी बंड केलं. बोरिसने 52 जणांना मुलाबाळांसकट मारलं. 866 मध्ये त्याने पोप पहिल्या निकोलसला प्रश्नांची यादी धाडली, तिला 106 उत्तरं आली. विजार घातली तर चालेल का? चालेल, पुरुषांनी घाला की बायकांनी. झेंड्याला घोड्याचं शेपूट? ते काढा, क्रूस लावा. निरपराध मुलं मारल्याबद्दल मात्र पोपने पाप केलंस असं स्पष्ट सुनावलं.

पोपशी एवढं करूनही बल्गेरियाचं चर्च 870 मध्ये रोमकडे नाही, कॉन्स्टँटिनोपलकडेच गेलं.

दोन चुका सर्रास दिसतात. बोरिसला ‘त्सार’ (सम्राट) म्हणू नका. सम्राटपदाची मान्यता त्याचा मुलगा सिमेओन याने 913 मध्ये मिळवली. आणि संत बोरिस-ग्लेब जोडीतला बोरिस वेगळा: तो कीव्हच्या व्लादिमिरचा मुलगा, 1015 मध्ये मारला गेलेला.