वाचक विचारतात: तारखा उलट्या, सरासरी जास्त, बेरीज तिप्पट

या वेळी डेटाबेसच्या क्वेरीबद्दलची, म्हणजे डेटाबेसला माहिती मागायच्या वाक्यांबद्दलची पत्रं घेतलीयत, बहुतेक मायएसक्यूएल ह्या डेटाबेस सॉफ्टवेअरवरची आहेत. क्वेरी इथं देवनागरीत छापल्यात, तुम्ही टाइप करताना त्यातले कमांडचे शब्द इंग्रजीतच टाइप करा.

लातूरहून, मार्केट यार्डात अडत दुकानावर हिशोब बघणारे वाचक: ताई, रोजच्या पावत्यांचा रिपोर्ट काढतो. मालकाला तारीख दिवस-महिना-वर्ष अशी पाहिजे म्हणून डेट_फॉरमॅट लावलं आन तेव्हापासून सगळी लाईनच बिघडली, 1 डिसेंबरची पावती 2 ऑक्टोबरच्या वर येऊन बसायलीय. ऑर्डर बाय तर लावलेलंच आहे, मग असं कामून व्हावं?

भाऊ, तुमची क्वेरी बघितली, गडबड एका नावात आहे. तुम्ही असं लिहिलंय:

सिलेक्ट डेट_फॉरमॅट(तारीख, '%डी-%एम-%वाय') अ‍ॅज तारीख, पावती_नं, रक्कम फ्रॉम पावत्या ऑर्डर बाय तारीख

मूळ कॉलमचं नाव तारीख आणि सजवलेल्याला तुम्ही दिलेलं नावही तारीखच. मायएसक्यूएल ऑर्डर बायमध्ये नाव शोधताना आधी सिलेक्टमध्ये अ‍ॅजनं दिलेलं टोपणनाव बघतं, मूळ कॉलमकडं नंतर जातं. म्हणजे लाईन लागली ती सजवलेल्या मजकुराची, आणि मजकूर तर डावीकडून एकेक अक्षर बघतच लागणार, 01-12 मधला दुसरा अंक 1 आणि 02-10 मधला 2, की झालं, डिसेंबर वर. त्याला महिना कळतच नाही, त्याच्यासाठी ती नुसती अक्षरं आहेत.

तेव्हा टोपणनाव बदला, दिसायची_तारीख म्हणा नाहीतर काहीही, किंवा शेवटी ऑर्डर बाय पावत्या.तारीख असं टेबलाच्या नावासकट लिहा. पुढं स्वल्पविराम देऊन पावती_नं पण टाका, कारण एका दिवसात शंभर पावत्या फाटल्या तर त्यांच्यातला क्रम तुम्ही सांगितल्याशिवाय सर्व्हर पाळेलच असं नाही, आज एक क्रम दिसेल उद्या दुसरा. आणि अक्षरांकडं नीट बघा, छोट्या लिपीतला एम महिन्याचा आकडा देतो, मोठ्या लिपीतला एम महिन्याचं पूर्ण नाव देतो, वर्ष चार अंकी पाहिजे तर वाय मोठ्या लिपीत.

इतकं करूनही लाईन लागली नाही तर डिस्क्राइब पावत्या चालवून तारखेचा टाइप बघा. तिथं व्हारकॅर, म्हणजे मजकुराचा टाइप, दिसला तर दुखणं मुळात आहे, कुणीतरी तारीख मजकूर म्हणूनच साठवलीय. मग बॅकअप घ्या, नवा डेट टाइपचा कॉलम जोडा, त्यात मजकुराची तारीख करणाऱ्या एसटीआर_टू_डेटनं तारखा भरा, आणि किती ओळी नल, म्हणजे रिकाम्या, राहिल्या ते मोजून मगच जुना कॉलम काढा. पावती नंबर मजकुरात असेल तर तिथंही 9 च्या आधी 100 येणार, कारण तेच. माझं तर ठाम मत आहे की तारीख तारखेसारखी आणि आकडा आकड्यासारखाच साठवावा, नटवायचं ते अगदी शेवटी, छापताना.

उदगीरहून, डाळ मिलमधल्या वाचक: तुरीचा महिन्याचा सरासरी भाव काढायचा म्हणून एव्हीजी(भाव) वापरते. पण वहीतल्या एकूण रकमेला एकूण क्विंटलनं भागलं की कमी येतो. कोणता खरा?

वहीतला खरा. एव्हीजी प्रत्येक पावतीला सारखंच वजन देतं, तिथं पोतं एक आलं का ट्रकभर आलं ह्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. समजा एका शेतकऱ्याची 40 क्विंटल तूर 7000 नं घेतली आणि दुसऱ्याची चांगली वाळलेली 2 क्विंटल 7600 नं. एव्हीजी म्हणणार 7300. पण तुमच्या खिशातून गेले 2,80,000 अधिक 15,200 म्हणजे 2,95,200, माल 42 क्विंटल, भाव पडला 7028.57. क्विंटलमागं 271 रुपयांचा फरक आहे ताई, ह्या आकड्यावर डाळीचा दर ठरवला तर गणित कुठल्या कुठं जाईल. म्हणून असं लिहा:

सिलेक्ट डेट_फॉरमॅट(तारीख, '%वाय-%एम') अ‍ॅज महिना, सम(क्विंटल) अ‍ॅज माल, राउंड(सम(भाव * क्विंटल) / सम(क्विंटल), 2) अ‍ॅज सरासरी फ्रॉम खरेदी व्हेअर भाव इज नॉट नल ग्रुप बाय महिना ऑर्डर बाय महिना

व्हेअरची ओळ सोडू नका. माल उतरला पण भाव ठरायचाय अशा पावतीत भाव नल असतो, नलला क्विंटलनं गुणलं तरी नलच, मग सम त्याला वरच्या बेरजेत धरत नाही पण खाली क्विंटल मात्र मोजले जातात, आणि सरासरी गुपचूप खाली येते, एररबिरर काही येत नाही. राउंड पण सगळ्यात बाहेर, भागाकार झाल्यावर. आणि महिन्याच्या आधी वर्ष ठेवलंय ते मुद्दाम, नुसत्या महिन्यावर ग्रुप केलं तर मागच्या जानेवारीची तूर ह्या जानेवारीत मिसळते, आणि वर्ष पुढं असलं की मजकूर म्हणूनसुद्धा लाईन बरोबर लागते.

तुम्ही पत्रात शेवटी लिहिलंय की सर्व्हर नवा घेतल्यापासून महिने वरखाली यायलेत. आठव्या व्हर्जनच्या आधीचं मायएसक्यूएल ग्रुप बाय केलं की आपोआप लाईन पण लावून द्यायचं, 8.0 पासून ते बंद झालं. आता ऑर्डर बाय स्वतः लिहायचं.

नांदेडहून, बीसीएची विद्यार्थिनी: व्हेअर असताना हॅविंग कशाला? व्हेअर सम(रक्कम) > 50000 लिहिलं तर एरर येते.

क्वेरी वाचायचा क्रम वेगळा आणि समजायचा वेगळा, हे एकदा डोक्यात बसलं की सुटतं बघ. क्वेरीची ही भाषा, एसक्यूएल, 1974 मध्ये आयबीएमच्या चेंबरलिन आणि बॉईस यांनी मांडली, वाचताना इंग्रजी वाक्यासारखी वाटावी अशी, म्हणून सिलेक्ट पहिलं आलं. अर्थ लावताना मात्र आधी फ्रॉम, मग व्हेअर, मग ग्रुप बाय, मग हॅविंग, मग सिलेक्ट आणि सगळ्यात शेवटी ऑर्डर बाय. व्हेअरच्या वेळी ग्रुप बायचे ढीग पडलेलेच नसतात तर बेरीज कुठून आणणार? एकेक ओळ गाळायची तर व्हेअर, ढीग पडल्यावर आख्खा ढीग गाळायचा तर हॅविंग. ओळीवरची अट हॅविंगमध्ये नेऊ नकोस, आधीच गाळता येतं ते आधीच गाळ, सर्व्हरचं काम वाचतं. परीक्षेत काऊंट पण विचारतात, काऊंट(*) सगळ्या ओळी मोजतं, काऊंट(मोबाईल) फक्त मोबाईल नल नसलेल्या.

सेलूहून, पतसंस्थेत काम करणारे वाचक: कर्ज आणि हप्ते ही दोन टेबलं जोडून गावनिहाय कर्जवाटप काढलं तर खऱ्याच्या दुप्पट-तिप्पट आकडा यायलाय. एकानं सांगितलं डिस्टिंक्ट लाव, लावलं तर कमी यायलाय. ऑडिट तोंडावर आलंय.

दादा, डिस्टिंक्ट आधी काढा, ते जास्त घातक आहे. 60,000 च्या कर्जाचे 3 हप्ते आले असतील तर जोडल्यावर त्या कर्जाच्या 3 ओळी होतात आणि सम म्हणतं 1,80,000. सम(डिस्टिंक्ट रक्कम) लावलं तर त्याच गावात दोघांनी 60-60 हजार घेतलेत त्यातला एक गायबच होतो, कारण ते माणसं बघत नाही, आकडे बघतं. एखाद्या गावाचा आकडा योगायोगानं जुळला तर आपण खूश होऊन पुढं जातो, म्हणून घातक म्हणतेय.

हप्त्यांची बेरीज आधी कर्जनिहाय करून घ्या, म्हणजे एका कर्जाला एकच ओळ राहील, आणि मग जोडा (क म्हणजे कर्ज टेबल, ह म्हणजे हप्त्यांची बेरीज):

सिलेक्ट क.गाव, सम(क.रक्कम) अ‍ॅज वाटप, सम(कोअलेस(ह.जमा, 0)) अ‍ॅज वसूल फ्रॉम कर्ज क लेफ्ट जॉईन (सिलेक्ट कर्ज_नं, सम(हप्ता) अ‍ॅज जमा फ्रॉम हप्ते ग्रुप बाय कर्ज_नं) ह ऑन ह.कर्ज_नं = क.कर्ज_नं ग्रुप बाय क.गाव विथ रोलअप

लेफ्ट जॉईन यासाठी की एकही हप्ता न भरलेला कर्जदार यादीतून निसटू नये, ऑडिटला तोच तर पहिला लागतो. त्याची जमा नल येते, कोअलेस तिथं 0 ठेवतं. विथ रोलअपनं खाली एकूण बेरजेची ओळ येते, तिथं गावाच्या जागी नल दिसेल, घाबरू नका. ऑडिटरकडं देण्याआधी नुसत्या कर्ज टेबलावर सम(रक्कम) चालवा, तो आकडा आणि रोलअपची शेवटची ओळ रुपयाला रुपया जुळली पाहिजे.

स्वल्पविराम लाखाप्रमाणे पाहिजेत असंही विचारलंय. फॉरमॅट(रक्कम, 2, 'इएन_आयएन') लिहा, मधे अंडरस्कोर, 12,34,567.00 असं येईल. तिसरी गोष्ट नाही दिली तर 1,234,567.00 येतं. पण फॉरमॅटमधून बाहेर पडतो तो मजकूर, त्याच्यावर पुन्हा बेरीज किंवा ऑर्डर बाय करू नका, लातूरच्या भावांसारखंच होईल.

जालन्याहून, शाळेतल्या शिक्षिका: मराठी आडनावांची हजेरी लावली की क्षीरसागर आणि ज्ञानेश्वरे मधेच येतात, शेवटी यायला पाहिजेत ना?

कॉम्प्युटरसाठी क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष, म्हणून तो क मध्ये बसवतो, तसाच ज्ञ ज मध्ये. मायएसक्यूएलमध्ये शेवटी एवढं लिहा: ऑर्डर बाय आडनाव लाईक 'ज्ञ%', आडनाव लाईक 'क्ष%', आडनाव. अट खरी ठरली की 1, नाही ठरली की 0, आणि 0 वाले आधी, म्हणून बाकी सगळे झाल्यावर क्ष आणि त्यानंतर ज्ञ येतो. नावाआधी चुकून पडलेली स्पेस मात्र ट्रिमनं काढून घ्या, नाहीतर ते पोर सगळ्यांच्या वर जाऊन बसतं.