भुसावळला घर बांधतोय, पुढच्या महिन्यात स्लॅब. उन्हाळ्यात विजेचं बिल कमी यावं म्हणून आत्ताच काय करता येईल? एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे) घ्यावेत का?

घ्या. निदान पश्चिमेच्या भिंतीला तरी घ्याच. पण तुम्ही जाता जाता लिहिलंय, 'प्लॉट पश्चिममुखी आहे, जिन्याला रस्त्याच्या बाजूने उभी काच घेतोय', ते वाचलं आणि राहवलं नाही.

आमचं घर अकोल्यात, २०१७ चं. प्लॉट पश्चिममुखीच. जिन्याला विटांची जाळी ठेवू, असं मी म्हणत होतो. मेहुणे बांधकामातले. म्हणाले, "जावईबापू, घर बांधताय की गोदाम? दर्शनी रूप, एलिव्हेशन नको का?" बायकोनं भावाची बाजू घेतली. बसली १४ फुटी काच. वास्तुशांत डिसेंबरात झाली, सगळ्यांनी काचेसमोर फोटो काढले. डिसेंबरात अकोल्यात कुठलंही घर छानच वाटतं.

मग मे आला. दुपारी दोननंतर ऊन तिरपं होऊन थेट आत. दोन फुटी छज्जा होता, पण मावळतीच्या उन्हाला छज्जा काय अडवणार? जिन्यातली गरम हवा वर चढायची आणि वरच्या दोन्ही खोल्यांची दारं तिथेच उघडतात. रात्री दहालासुद्धा भिंतीला पाठ टेकवत नसे. पुढे कोविडात कपाळाचं थर्मामीटर घेतलं, ते एकदा काचेजवळच्या भिंतीवर धरलं, तर आकडाच येईना, नुसतं 'हाय'! आतून जाड पडदे लावले, उपयोग शून्य. ऊन काचेतून आत आलं की आलंच, अडवायचं तर बाहेर. शेवटी नर्सरीत असते तशी हिरवी नेट बाहेरून टांगली. हेच आता आमचं एलिव्हेशन.

मेहुण्यांनी परवा स्वतःचं घर बांधलं. जिन्याला जाळी आहे. विचारलं तर म्हणाले, "बजेट कमी पडलं."

बाकी, खरा शत्रू स्लॅब. मे महिन्यात आपल्याकडे भर दुपारी सावली पायाखाली येते, म्हणजे सगळं ऊन गच्चीवर. इन्सुलेशनची (उष्णता अडवणारी) शीट टाकायची तर स्लॅबच्या वर, कोब्याखाली, म्हणजे गच्चीवरच्या काँक्रीटच्या थराखाली. खालून थर्माकोलचं सीलिंग करून देणारे भेटतील, पण स्लॅब तापायचा तो तापतोच. वरून पांढरा चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या टाइलच्या तुकड्यांची फरशी. पैसे नसतील तर दर उन्हाळ्याआधी चुना मारा. आमचे वडील धाब्याच्या घरात वाढलेले, ते हेच सांगत होते, आम्ही हसलो होतो. धूळ बसली की पांढऱ्याचा गुण जातो, तेव्हा झाडू मारत राहा.

स्लॅब भरायच्या आधी गच्चीपासून मीटरपर्यंत एक रिकामा पाइप सोडा, सोलरसाठी. ३ किलोवॅटला केंद्राची ७८,००० रुपये सबसिडी आहे, आज ना उद्या बसवालच. आमच्याकडे पाइप नव्हता, वायर समोरून उतरलीय, त्या नेटच्या शेजारून.

कूलर लावणार असाल तर समोरच्या भिंतीत हवा बाहेर जायला खिडकी हवी, नाहीतर तासाभरात घरभर दमट. पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) घ्या, ७५ वॅटच्या जागी तीसेक वॅट.

आणि हो, ब्लॉकला साधा खिळा धरत नाही. कॉलमच्या सांध्यावर कोंबडीजाळी मारल्याशिवाय प्लास्टर करू देऊ नका, तडे जातात. मिस्त्री नाही म्हणेल. उभे राहून करून घ्या.