पत्रकार, राजदूत आणि मानवी हक्कांचा कार्यकर्ता : कुलदीप नय्यर

पत्रकारितेतून मुत्सद्देगिरीत गेलेला आणि मानवी हक्कांसाठीही लढलेला भारतीय कोण, असं विचारलंत. माझं उत्तर : कुलदीप नय्यर.

जन्म १९२३, सियालकोट. फाळणीत घरदार सोडून दिल्लीला आले आणि 'अंजाम' (म्हणजे 'शेवट') नावाच्या उर्दू दैनिकात लागले. म्हणजे सुरुवातच 'शेवटा'पासून! पुढे लालबहादूर शास्त्रींचे प्रसिद्धी अधिकारी झाले. शास्त्रींचं निधन झालं तेव्हा ते ताश्कंदमध्येच होते, वृत्तसंस्थेचे पत्रकार म्हणून.

खरी कसोटी लागली १९७५ मध्ये. आणीबाणीतल्या सेन्सॉरशिपचा उघड निषेध केला आणि थेट तिहारमध्ये रवानगी झाली. मला वाटतं, नागरी हक्कांबद्दलची त्यांची पुढची सगळी तळमळ या तुरुंगवासानं पक्की केली.

१९९० मध्ये व्ही. पी. सिंग सरकारनं त्यांना ब्रिटनमध्ये उच्चायुक्त म्हणून पाठवलं. सरकारच पडल्यामुळे ते पद काही महिन्यांचंच ठरलं. १९९७ पासून सहा वर्षं राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य होते.

पण अनेकांना ते आठवतात वाघा सीमेवर. १४-१५ ऑगस्टच्या मध्यरात्री, भारत-पाकिस्तान मैत्रीसाठी मेणबत्त्या घेऊन उभे राहिलेले. यावरून त्यांना भाबडे म्हणणारेही कमी नव्हते. ते वर्षानुवर्षं जात राहिले. २०१८ च्या ऑगस्टमध्ये त्यांचं निधन झालं.