गोचीड निघाली, पण तोंड आत राहिलं

प्रश्न : मागच्या आठवड्यात रानात भटकून आले. दुसऱ्या दिवशी अंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे गोचीड चिकटलेली दिसली. यांनी आधी तिच्यावर रॉकेल टाकलं, मग पीळ देऊन उपटली. तिचं तोंड आतच राहिलंय, काळा ठिपका दिसतो. तो काढावा का? पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करू?

उत्तर : ताई, तो ठिपका सुईने कोरू नका. साबणाने धुवा आणि सोडून द्या. कुसळासारखा तो आपोआप बाहेर पडेल. चूक झाली ती रॉकेलची. अशा उपचारांनी डिवचलेली गोचीड लाळ आणि पोटातला ऐवज जखमेत ओकू शकते, आणि रोगाचे जंतू त्यातच असतात. पुढच्या वेळी बारीक टोकाचा चिमटा अगदी कातडीलगत लावा आणि सावकाश, सरळ वर ओढा. नखाने चिरडू नका. मी जनावरांचा डॉक्टर. उमेदवारीच्या काळात कुत्र्यांच्या गोचिडी नखावर फोडायचो, एकदा चिळकांडी थेट डोळ्यात उडाली. तेव्हापासून चिकटपट्टीत दुमडतो.

खरा प्रश्न ती किती वेळ चिकटून होती हा आहे. लाइम या गोचिडीतून येणाऱ्या रोगाचे जिवाणू अंगात उतरायला बहुतेक वेळा एक दिवसाहून जास्त लागतो; काही विषाणू मात्र फार लवकर उतरतात. तुमची रात्रभर होती, म्हणून महिनाभर लक्ष ठेवा. चावल्या जागी लगेच आलेली खाजरी लाली किरकोळ. पण ताप, अंगदुखी किंवा दिवसागणिक पसरणारा चट्टा दिसला, तर माणसांच्या डॉक्टरकडे जा आणि गोचीड चावल्याची तारीख नि जागा स्वतःहून सांगा. ते विचारतीलच असं नाही. घरातली उरलेली अँटिबायोटिक घेऊ नका. कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात 1957 साली सापडलेला माकडताप गोचिडीतूनच येतो, पण तो विषाणूचा. त्यावर ती गोळी चालत नाही.

गोचीड उडत नाही, उडी मारत नाही. गवताच्या टोकावर पुढचे पाय पसरून बसते आणि तुमचा श्वास नि ऊब जाणवली की अंगावर चढते. म्हणून पायवाटेच्या मधून चाला, फिकट रंगाची विजार मोज्यात खोचा. पर्मेथ्रिन हे कीटकनाशक फवारायचं ते कपड्यांवर, कातडीवर नाही. परतल्यावर दोन तासांच्या आत अंघोळ करा, आणि काख, बेंबी, जांघ, कानामागे, केसांच्या मुळाशी बोटं फिरवा. पिल्लू गोचीड खसखशीएवढी असते, नजरेला अंगावरचा तीळ वाटते, बोटाला कळते. गार पाण्याच्या धुण्यात ती मरत नाही, कपडे कडक उष्णतेत वाळवावे लागतात.

कुत्रा सोबत होता का, ते लिहिलं नाहीत. असेल तर त्याचे कान, गळपट्ट्याखालची जागा आणि बोटांच्या बेचक्या आजच बघा. आणि घरात मांजर असेल, तर फवारलेले कपडे पुरते वाळेपर्यंत तिला लांब ठेवा. पर्मेथ्रिन मांजराच्या जिवावर बेततं.