सांगलीत फ्लोट टँक घेताना: पंप आधी, पॉड नंतर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही फिजिओथेरपिस्ट, सांगलीत क्लिनिक आहे आणि त्याला जोडून फ्लोट टँकचं वेलनेस सेंटर काढायचंय. फ्लोट टँक म्हणजे एप्सम सॉल्ट या मिठाच्या दाट, कोमट पाण्याचा टब, त्यात माणूस तरंगत पडून राहतो; झाकण असलेल्या टँकला पॉड म्हणतात. जागेचे पर्याय दोन: मारुती रोडजवळ तळमजल्यावरचा भाड्याचा गाळा, नाहीतर विश्रामबागेत घरच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावरचा हॉल. विक्रेत्याने दोन पॉडचं कोटेशन दिलंय, आणि मीठ कृषी सेवा केंद्रातून स्वस्तात मिळेल असंही वर सांगितलंय. कोणता पॉड घेऊ, असं तुम्ही विचारलंय.

मी साताऱ्याचा. धंदा फिल्टरेशनचा. महाबळेश्वर-पाचगणीच्या हॉटेलांचे पूल सांभाळतो, त्याच्या जोडीला फ्लोट टँकांची देखभालही करतो. त्यामुळे पॉडमध्ये दिवा निळा लागतो की जांभळा, यात मला फारसा रस नाही. माझ्या दृष्टीने पॉड म्हणजे मोठा फायबरचा टब. त्यामागचा पंप, फिल्टर आणि हीटर हे खरं मशीन. पण त्याच्याही आधी जागा.

साधा हिशोब करू. एका माणसाच्या टँकमध्ये पाणी जेमतेम २५ ते ३० सेंटिमीटर खोल असतं, पण त्यात मीठ विरघळवतात ते वजनाने जवळपास पाण्याइतकंच. म्हणजे अंदाजे ५०० लिटर पाणी आणि ५०० किलो एप्सम सॉल्ट. झाला एक टन. कवच, पंप आणि आत झोपलेला माणूस धरून साडेबाराशे किलोपर्यंत जातं. पॉडची जागा साधारण ८ फूट बाय ५ फूट, म्हणजे सुमारे ३.७ चौरस मीटर. भागाकार केला तर चौरस मीटरला सुमारे ३४० किलो येतात. घरगुती स्लॅबसाठी भारतीय मानक आयएस ८७५ मध्ये धरलेला चल भार (माणसं, सामान यांचं वजन) चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास आहे. स्लॅब लगेच खाली येईल असं मी म्हणत नाही, कारण बाकीचा हॉल रिकामा असतो आणि भार पसरतो. पण हे ठरवायचा अधिकार ना माझा ना विक्रेत्याचा. इमारतीचं आरसीसी ड्रॉइंग काढा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. बऱ्याचदा पॉड हॉलच्या मध्यावरून उचलून बीमवर, कॉलमजवळ घेतला की काम भागतं. कधी खालून लोखंडी गर्डर द्यावा लागतो.

मग तळमजला बरा, असं कुणीही म्हणेल. साताऱ्यात मीही तेच म्हणालो असतो. पण सांगलीत तळमजला म्हटलं की कृष्णामाईला विचारावं लागतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आणि तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०२१ लाही पेठेत पाणी आलंच. पुराचा इशारा मिळाला की कापडवाला गठ्ठे माडीवर चढवतो, किराणावाला पोती ट्रकात टाकतो. तुम्ही टनभर मिठाचं पाणी कुठे नेणार? पंप आणि पॅनेल उचलता येईल, पण टबात गाळाचं पाणी शिरलं तर सगळं मीठ ओतून द्यावं लागेल आणि पाइपलाइन उघडून धुवावी लागेल. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: विश्रामबागेचा पहिला मजला घ्या आणि गाळ्याचं जे डिपॉझिट वाचेल ते स्लॅबच्या मजबुतीत आणि वॉटरप्रूफिंगमध्ये घाला.

वॉटरप्रूफिंगवर कंजुषी नको. हे मीठ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, आणि सल्फेट काँक्रीट खातं. फरशीच्या सांध्यातून रोज थोडं थोडं पाणी खाली झिरपत राहिलं की सिमेंट भुसभुशीत होत जातं. खाली इपॉक्सी किंवा एफआरपीचं (फायबरग्लासचं) अस्तर, कडेला भिंतीवर निदान सहा इंच चढवलेलं. दरवाजा आणि चौकट पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसीची (लाकूड-प्लास्टिकच्या मिश्रणाची). पीओपीचं फॉल्स सीलिंग टाळा, दमटपणाने ते फुगतं. स्टेनलेस स्टील म्हणून विकलेले बिजागर आणि स्क्रूही या हवेत गंजताना पाहिलेत.

आता पंप. तुम्ही कोटेशनचा जो मजकूर टाकलाय त्यात 'ताशी ६००० लिटर' लिहिलंय. ऐकायला भरपूर वाटतं. टँकमधलं द्रावण साधारण ८०० लिटर. दोन ग्राहकांच्या मध्ये सगळं पाणी फिल्टरमधून किमान तीन-चार वेळा फिरलं पाहिजे. ताशी ६००० म्हणजे मिनिटाला १०० लिटर, एका फेरीला ८ मिनिटं, चार फेऱ्यांना ३२ मिनिटं. आणि हा आकडा साध्या पाण्याचा. तुमचं द्रावण पाण्याच्या सव्वापटीहून जड आणि दाटही, त्यामुळे प्रत्यक्षात प्रवाह कमी मिळणार आणि मोटरवर ताण जास्त येणार. म्हणजे एक तासाचं सेशन, आधी-नंतरची अंघोळ, कपडे, केस वाळवणं आणि वर पाऊण तास फिल्टरेशन. दिवसात चार सेशन झाली तरी पुष्कळ. विक्रेत्याने तुम्हाला दिवसाला आठ धरून नफ्याचा तक्ता दिला असेल, तर तो तक्ता बाजूला ठेवा आणि त्याला एकच विचारा: १.२७ घनतेच्या द्रावणात हा पंप मिनिटाला किती लिटर देतो? लेखी उत्तर आलं तरच पुढचं बोला. मॅग्नेटिक ड्राइव्हचा (चुंबकाच्या ओढीने फिरणारा) पंप असेल तर उत्तम, कारण शाफ्टला सील नसतो. सीलच्या पंपात मिठाचे खडे सीलवर जमतात आणि काही महिन्यांत गळती सुरू होते. पाचगणीच्या एका हॉटेलात साध्या स्विमिंग पूलचा पंप फ्लोट टँकला लावून दिला होता. पुरवणाऱ्याने 'पाणी ते पाणी' म्हणून हात झटकले, आणि मालक वर्षभर सील बदलत बसला.

हीटर टायटॅनियमचा असावा. फिल्टर बॅगचा चालेल, पण बॅग काढून धुताना जागा पुरते का ते पाहा. पॉडच्या पोटात कोंबलेला फिल्टर महिन्याभरात कुणी उघडत नाही. म्हणून मला पंप-फिल्टर शेजारच्या छोट्या खोलीत ठेवलेला टँक आवडतो. आवाजही तिकडेच राहतो. जंतुनाशासाठी यूव्ही (अतिनील किरणांचा दिवा असलेली नळी) आणि जोडीला हायड्रोजन पेरॉक्साइड ही बऱ्यापैकी रुळलेली पद्धत आहे. यूव्हीच्या नळीतून जेवढं पाणी जातं तेवढंच ती शुद्ध करते, टबात तिचा असर उरत नाही, म्हणून पेरॉक्साइड. सवयीने कुणी त्यात क्लोरीन टाकायला गेला तर थांबवा, दोन्ही एकमेकांना मारतात. यूव्हीची नळी सतत चालू ठेवली तर साधारण वर्षभर टिकते. दिसायला त्यानंतरही ती जळत असते, पण तिचा उपयोग संपलेला असतो.

मिठाबद्दल. तासगाव-मिरजेकडच्या कुठल्याही द्राक्षबागायतदाराला मॅग्नेशियम सल्फेट नवीन नाही, पानं पिवळी पडली की सोडतातच. रासायनिकदृष्ट्या मीठ तेच. पण खताचा माल पिकासाठी प्रमाणित केलेला असतो, त्यात मॅग्नेशियम आणि गंधक किती यावर भर. तो माणसाच्या कातडीला आणि डोळ्याला लागण्यासाठी बनवलेला नाही. त्यातली धूळ, लोह आणि न विरघळणारा गाळ पहिल्याच दिवशी फिल्टर तुंबवतो आणि पाण्याला चहासारखा रंग येतो. आयपी ग्रेडचं (इंडियन फार्माकोपियाचं, म्हणजे औषधी दर्जाचं) घ्या, बॅचचं तपासणी प्रमाणपत्र मागा. मीठ दर महिन्याला बदलायचं नसतं. एकदा भरलं की अंगाला लागून, केसांतून, सांडून जातं तेवढंच वरून टाकायचं. त्यामुळे सुरुवातीला खर्च करून पुढे निभतं.

भरताना एक गोष्ट कुणी सांगत नाही. हे मीठ विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतं. गार नळाच्या पाण्यात पोती रिकामी करत गेलात तर पाणी बर्फगार होतं आणि निम्मं मीठ तळाशी दगडासारखं बसतं. सोलर किंवा गीझरचं गरम पाणी भरा, पंप चालू ठेवा आणि दोन दिवसांत हप्त्याहप्त्याने टाका. घनता मोजायला महागडं यंत्र नको. बॅटरीच्या दुकानात ॲसिड तपासायचं हायड्रोमीटर मिळतं, त्यावर १.१०० ते १.३०० पर्यंतच्या खुणा असतात. आपल्याला १.२५ ते १.२८ हवं. फक्त नवं आणा, ॲसिडमध्ये बुडवून आलेलं नको.

तापमान ३४ ते ३५.५ अंश, म्हणजे त्वचेला गार-गरम काहीच जाणवू नये इतकं. साताऱ्याला थंडीत हीटरचं बिल येतं, सांगलीला उलटी अडचण. एप्रिल-मेमध्ये खोली तापते, पंपाची उष्णता त्यात मिसळते आणि पाणी ३६-३७ वर जातं. हीटर बंद करता येतो, पण टब थंड कसा करणार? आतला माणूस घामाघूम होऊन अर्ध्या तासात बाहेर येतो. म्हणून खोलीला एसी आणि हवा खेळती ठेवणारा एक्झॉस्ट, दोन्ही लागतात. पावसाळ्यात वीज जास्त वेळ गेली तर पंप आणि दिवा इन्व्हर्टरवर असू द्या. हीटर नको, इन्सुलेशन चांगलं असेल तर टब काही तास सहज ऊब धरतो. मात्र द्रावण वीसेक अंशांपर्यंत उतरलं तर पाइपात खडे धरायला लागतात. स्वतंत्र ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारं स्विच) आणि चांगलं अर्थिंग हे तर विचारायचंच नाही, असलंच पाहिजे. माणूस मिठाच्या पाण्यात उघडा झोपलेला आहे.

अमेरिकन पॉड स्वस्तात मिळतोय म्हणून मोहात पडू नका. तिथली वीज ११० ते १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरने जुळतं, पण ५० हर्ट्झवर मोटर मंद फिरते आणि पंप ठरलेलं पाणी देत नाही.

पॉड, केबिन की उघडा टब? तुमच्याकडे येणारे लोक गुडघे, कंबर, मान धरून येणारे. झाकणाच्या अंड्यात वाकून शिरणं त्यांना जड जाईल, आणि पहिल्यांदा येणाऱ्याला कोंडल्यासारखं वाटतं ते वेगळंच. माझी निवड उंच केबिन, आत उभं राहता येईल असं, बाजूला भक्कम कठडा. पॉड ऊब चांगली धरतो आणि कमी जागा खातो, एवढ्यासाठीच घ्यायचा. पूर्ण उघडा टब पाहायला सुंदर, पण सगळी खोली गरम आणि दमट ठेवावी लागते. फायबरचं केबिन कुपवाड किंवा कोल्हापूरच्या एमआयडीसीतल्या एखाद्या एफआरपीवाल्याकडून बनवून घेणं शक्य आहे. फक्त पंप-फिल्टर त्याच्या डोक्याने बसवू देऊ नका.

तुमच्या पेशंटसाठी एक तिसरा पर्यायही विचारात घ्या: ड्राय फ्लोट. कोमट पाण्याच्या टाकीवर जलरोधक चादर, त्यावर माणूस कपड्यांसकट झोपतो. मीठ नाही, प्रत्येकानंतर पाणी फिरवणं नाही, अंघोळ नाही. तरंगण्याचा अनुभव तसा नाही, हे खरं. पण जखमेचा टाका ओला असलेल्याला, किंवा पाण्यात उतरायला घाबरणाऱ्या आजीला खऱ्या टँकमध्ये घालताच येत नाही. एक केबिन आणि एक ड्राय फ्लोट, अशी सुरुवात मी दोन पॉडपेक्षा शहाणपणाची मानतो.

जाहिरातीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. १९५४ मध्ये जॉन लिली यांनी अमेरिकेत पहिला टँक केला तो संवेदना तोडल्या तर मेंदूचं काय होतं हे पाहायला, उपचाराला नव्हे. अलीकडचा चांगला अभ्यास २०१८ चा, टल्सा इथल्या मेंदू संशोधन संस्थेचा: चिंता आणि नैराश्याच्या ५० रुग्णांना एकाच तासाच्या फ्लोटनंतर तात्पुरता आराम वाटला. तुलनेसाठी दुसरा गट त्यात नव्हता. यावरून 'आजार बरा होतो' असं फलकावर लिहिणं तुमच्या डिग्रीला शोभणार नाही. 'कातडीतून मॅग्नेशियम शोषलं जातं' हे वाक्यही विक्रेत्याच्या माहितीपत्रकातच राहू द्या, त्याला भक्कम पुरावा नाही. अपस्मार, उघडी जखम, त्वचेचा संसर्ग, किडनीचा विकार, फार कमी रक्तदाब, यांची विचारणा फॉर्मवर आधीच घ्या. मेहंदी किंवा केसांचा ताजा रंग असलेल्याला चार दिवस थांबवा. आणि तेलाचा मसाज फ्लोटच्या नंतर ठेवा. तेल पाण्यात उतरलं की फिल्टरची बॅग रोज धुवावी लागते.

आता लगेच करायचं ते असं. विक्रेत्याला पंपाचा लेखी आकडा, यूव्हीच्या नळीचा मॉडेल नंबर आणि बिघाड झाल्यावर माणूस किती तासांत सांगलीत येतो, या तीन गोष्टी विचारा. पुण्याहून चार दिवसांनी येणार असेल तर सुटा पंप आणि एक नळी सुरुवातीलाच घेऊन ठेवावी लागेल, ती किंमत कोटेशनमध्ये धरा. दरम्यान स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल आला की हॉलचा नकाशा आणि बीमच्या जागा टाका, पंपाची खोली कुठे काढायची ते बघू.